पाहुण्यांचं धुळं

नाना, तुम्ही मला लळिंगचा किल्ला दाखवलात तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. खरं तर मला नाही दाखवलात. जावयाला दाखवलात, आणि मी सोबत होते. इतक्या वर्षांनी लिहायला बसावं एवढी मोठी गोष्ट आहे का ही, असं स्वतःलाच विचारून पाहिलं. आहे.

धुळं म्हणजे बस बदलायचं गाव, असं कुणी म्हटलं की तुमच्या ते मनाला लागायचं. बांधकाम खात्यात तुम्ही नकाशे काढायचात, पण कचेरीत तुमचं खरं नाव होतं ते गाव दाखवणारे म्हणून. नाशिकहून, पुण्याहून साहेब आले की त्यांची कामाची पाहणी सकाळीच उरकायची आणि मग जीप आपल्या दारात यायची. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे बसायचात. एकवीरा देवीचं देऊळ, पांझरेचा पूल, जुन्या मूर्ती आणि कागद जपून ठेवलेलं ते संग्रहालय, कुणा इंग्रज साहेबाने पट्टी धरून आखलेल्या सरळ गल्ल्या, आणि मग आग्रा रोडने लळिंग. जीप निघाली की आई खापर चुलीवर चढवायची. पाहुणे परत येईपर्यंत मांडे तयार पाहिजेत. हातावर फिरवून फिरवून ती मांडा रुमालाएवढा मोठा करायची, आणि घामाने तिची पाठ भिजलेली असायची. मी पुरण वाटता वाटता विचारायचे, मी कधी जाऊ? एकदा तुम्हाला सरळ विचारलं, तेव्हा मी आठवीत असेन. तुम्ही शर्टाची बटणं लावत होतात. "तू इथलीच आहेस," तुम्ही म्हणालात, "तुला काय, कधीही बघशील." रागावून नाही, अगदी प्रेमाने म्हणालात. म्हणूनच पुढे काही बोलता आलं नाही. शाळेच्या सहलीबरोबर मी अजिंठा पाहिला, नाशिक पाहिलं. लळिंग मला एसटीच्या खिडकीतून दिसायचं, मालेगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताचा हिशेब लागायच्या आत मागे पडायचं.

मग ती पहिली आखाजी. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस होतो, आणि तुमचे जावई मला पोचवायला म्हणून आले ते दोन दिवस राहिले. त्यांनी जेवताना सहज विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? मी ताटावरून मान वर केली तर तुमचा चेहरा उजळलेला. मला आतून चरचरलं. मी त्या घरात वीस-बावीस वर्षं काढली होती आणि हाच प्रश्न मीही विचारला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आपण निघालो. वैशाखाचं ऊन, कुरणातलं गवत वाळून पिवळं पडलेलं, पायाखाली गोटे सरकताहेत. तुम्ही पुढे, हे तुमच्या मागे, मी साडीचा ओचा सावरत सगळ्यात शेवटी. वर पोचलो आणि वारा लागला. खाली हायवेवरचे ट्रक काड्यापेटीसारखे, पलीकडे धुळं, झाडांत बुडालेलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हिरवं. तुम्ही बोलायला लागलात. खडकात खोदलेली पाण्याची टाकी, फारुकी राजांचा अंमल, इथून बुऱ्हाणपूरच्या वाटेवर नजर कशी राहायची. इतकं सुंदर बोलत होतात नाना, की मला तुमचा अभिमानही वाटत होता आणि संतापही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटलं की माणूस कुठे बघावं ते विसरतो. मी विचारलं, "या टाक्यात उन्हाळ्यात पाणी राहतं का?" तुम्ही ह्यांच्याकडे वळून म्हणालात, "त्याचं असं आहे जावईबापू..." आणि सगळं उत्तर त्यांना दिलंत.

"नाना, मी विचारलं होतं," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय ते. "अगं, तुलाही सांगतोच आहे ना," तुम्ही म्हणालात आणि चालायला लागलात. ह्यांनी मला हळूच, "जाऊ दे ना," म्हटलं. उतरताना मी कुणाशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं ऊन लागलं. घरी पोचताच तुम्ही आईला हिला कैरीचं पन्हं दे म्हणून सांगितलंत.

स्वयंपाकघरात आई मांडे करत होती. मी पन्ह्याचा पेला घेऊन तिच्याजवळ बसले. तिने नजर खापरावरून न काढता विचारलं, "वर काय शे वं?" मला आधी प्रश्नच समजला नाही. इतक्या जणांसाठी रांधणारी बाई, तिने तो किल्ला कधी पाहिलाच नव्हता. मी म्हटलं, नानांना कधी विचारलं नाहीस? "इचारं व्हतं," ती म्हणाली. "म्हनेत, काही नही, दगडा शेतस." आणि हसली. मला हसू आलं नाही. साहेब लोकांना तासभर पुरणारा इतिहास होता तुमच्याजवळ. घरी आणलात तेव्हा त्याचे दगड झाले.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. पुढच्या आखाजीला मला दिवस गेलेले होते, त्याच्या पुढच्याला बाळ लहान होतं, आणि मग तो फोन. दोघींना एकदा घेऊन जाईन असं तुम्ही कधी म्हणाला होतात का, ते मी आठवून आठवून पाहिलं. म्हणाला असतात तर मला तुम्हाला माफ करायला सोपं गेलं असतं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, मी आईला म्हटलं, आज स्वयंपाक करायचा नाही, आपण धुळं बघायला जायचं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. "मी काय पाहुनी शे?" आम्ही रिक्षा ठरवली. देवीचं देऊळ तिचं रोजचंच, तिथे ती मलाच दाखवत होती. संग्रहालयात मात्र ती एका बाईच्या दगडी मूर्तीसमोर थांबली, कमरेवर हात ठेवून, बराच वेळ. बांगड्या बघत होती. म्हणाली, "कितल्या बारीक कोरेल शेतस." मी तिचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मग एका हॉटेलात शेवभाजी आणि भाकरी मागवली. पोऱ्याने पुढ्यात ताट ठेवलं तेव्हा ती उठून बाजूला व्हायला लागली, वाढायला. मी तिला हात धरून खाली बसवलं. जेवताना म्हणाली, भाजीला मसाला कमी शे, पण आयतं ताट, बरं वाटस.

लळिंगला दुपार कलल्यावर पोचलो. ती जेमतेम निम्मी चढली आणि एका खडकावर टेकली. गुडघा धरून म्हणाली, "मी आठेच बसस. तू जाय." मी तिला आधार दिला, थोडं थांबू म्हटलं, पाणी दिलं. तिला उठवेना. वरची तटबंदी समोर दिसत होती नाना. धडधाकट बाई सावकाश चढली तरी सकाळभराचंच काम ते. तिचे पाय शाबूत होते त्या सगळ्या वर्षांत ती खापरापुढे बसून होती, आणि ज्या दिवशी तिला कुणी आणलं त्या दिवशी पाय नव्हते. मला तिथे मोठ्याने रडावंसं वाटलं. त्याऐवजी मी तिच्याशेजारी बसले आणि वर काय काय आहे ते सांगितलं. टाकी, फारुकी राजे, बुऱ्हाणपूरची वाट. सगळं मला पाठ होतं. ती पदराने वारा घेत शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "चाल, चहाना टाइम व्हई गया."

आई आता माझ्याकडे असते, पुण्याला. ऐंशी उलटली, ऐकायला कमी येतं, पण डोकं साफ आहे. इथवरचं पत्र मी तिला वाचून दाखवणार होते. काल तुमचा विषय काढला आणि विचारलं, तुला कधी त्यांचा राग नाही का आला, तुला काही दाखवलं नाही म्हणून? ती लसूण सोलत होती. "कशाना राग," म्हणाली. "भला मानूस व्हता." मी कागद घडी घालून ठेवून दिला. तुमच्याविरुद्ध तिची काही तक्रार नाही, नाना. ती तिने करावी असं मला अजूनही वाटतं. निदान एकदा, माझ्यासमोर, म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच भांडत नव्हते असं मला म्हणता येईल.