धुरावलेली तंगडी आणि बिननावाचा बिल्ला

मी, अपोलोनिया केसेल, माहेरची लेन्त्सेन, वय एक्क्याऐंशी, राहणार निडरराथ, आयफेल, स्वहस्ते लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारी एकच बाई होती, माझी आई, आणि ती जाऊन जमाना झाला. शाळा मी फार केली नाही; महायुद्धाची आघाडी गावात आली आणि मास्तर पळाले. तरी वकीलबाई सांगतात, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं लिहिलंत तर कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला नसतील लागत, आमच्या गावाला लागतात. म्हणून खाली दोन आहेत.

१. घर आणि मागची सफरचंदांची झाडं मुलगा एवाल्ड याला. सून रोस्विथा हिला माझी जुनी चूल मोडायची घाई आहे. माझी शवपेटी उंबऱ्याबाहेर गेली की खुशाल मोडावी. पेटी घरात असताना हातोडा चालवू नये.

२. वरची खोली नात सिल्के हिला. लोकांचे नवरे दारू पितात, पत्ते कुटतात. माझे यजमान कै. हेरिबर्ट मेलेल्या शिपायांची कागदपत्रं वाचत बसायचे. पगारपुस्तिका, आघाडीवरची पत्रं, नकाशे, गुंड्या, सगळं वर आहे. यातलं काही विकायचं नाही. ज्या वस्तूचं घर सापडेल तिला तिच्या घरी पोचवायचं, हेरिबर्ट करायचे तसं. कोणी रडेल, कोणी फोन आपटेल. कासेलच्या एका बाईनं वडिलांची पगारपुस्तिका मिळाल्यावर कळवलं, "ते नकोसेच होते, पण फोटो ठेवते." असंही चालतं.

३. शिपायांचे लोखंडी टोप दोन. हेरिबर्टचे वडील पत्राकाम करायचे. लढाई संपल्यावर सगळ्या आयफेलचे टोप भांडी करून घ्यायला त्यांच्याकडे आले. भोकं पाडलेला टोप, ज्यात मी बटाटे निथळते, तो रोस्विथाला. लांब दांड्याचा, गोठ्यातलं मूत उपसायचा, तो एवाल्डला. अदलाबदल करू नये. एकदा हेरिबर्टच्या बहिणीनं दुसऱ्यात सॅलडची पानं धुतली. आम्ही तिला जेवणं झाल्यावर सांगितलं.

कोलोनहून एक संग्राहक आला होता. पहिला टोप बघून कपाळावर हात मारला. "बाई, भोकं पाडून तुम्ही याची किंमत घालवलीत हो!"

मी म्हटलं, "ज्याच्या डोक्यावर होता त्याच्या डोक्याला एक भोक पडलं तेव्हाच गेली ती. ही भोकं कामाची आहेत."

४. आता योखेन पावली, जुन्या बाजारात लष्करी माल विकणारा. गरुडाखालच्या नाझी चिन्हावर पांढरी चिकटपट्टी लावून बसतो, कायद्याला दिसू नये म्हणून. याला काय द्यायचं ते सांगण्याआधी त्याच्या आजोबांचं सांगावं लागेल.

माझा थोरला भाऊ विली पूर्वेच्या आघाडीवर बेपत्ता झाला. लढाईनंतर कैदेतून सुटलेले लोक दारोदार फिरायचे. त्यातला माथेस पावली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "लेन्त्सेनकाकू, तुमचा विली जिवंत आहे. माझ्याच छावणीत होता. गळ्यातला बिल्ला या डोळ्यांनी पाहिलाय, विल्हेल्म लेन्त्सेन, स्वच्छ लिहिलेलं."

आईनं धुराड्यातली डुकराची तंगडी उतरवली. घरात तेवढी एकच होती. त्यानं ती कोटाखाली घातली आणि पोटुशी बाई चालते तसा चालत गेला. त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला विलीची ताटली मांडली जाऊ लागली.

पुढं हेरिबर्ट मला मागणी घालायला आले. आईनं जेवताना त्यांनाही बिल्ल्याची गोष्ट सांगितली. हे घास चावता चावता म्हणाले, "पण आई, बिल्ल्यावर नाव नसतंच. पलटण आणि नंबर, बस."

आई म्हणाली, "बाहेर हो."

ते टोपी घेऊन निघाले, मी मागोमाग. फाटकापाशी म्हणाले, "पोलोनी, चुकलंच माझं."

"खोटं बोललात का?"

"नाही."

"मग चुकलं कसं?"

"मग शोधतो. त्याचा खरा नंबर शोधतो."

त्या एका वाक्यावर मी लग्न केलं. दिसायला माणूस बेताचाच होता.

नंबर त्यांनी सरकारी कचेरीला पत्रं घालून घालून मिळवला: चार-एक-सात. पण माणूस मिळाला नाही. त्या बिल्ल्याला मधोमध भोकांची रेघ असते. शिपाई मेला की खालचा अर्धा मोडून कचेरीला पाठवतात, वरचा त्याच्यापाशी राहतो. विलीचा अर्धा कधी आला नाही. म्हणजे अख्खा बिल्ला त्याच्यासोबत मातीत आहे. किंवा कोणी चोरून खणून काढून विकलाय, आणि विली कायमचा बिननावाचा पडलाय. म्हणून हेरिबर्ट दर बाजारी प्रत्येक बिल्ला उलटून बघायचे.

यंदा वसंतात माझी छाती भरली होती, तेव्हा योखेन फुलं घेऊन आला. "पोलोनीआजी, वरचा सगळा माल मी एका खेपेत उचलतो. नुसती धूळ खातोय."

"धूळ खाऊ दे. तुझ्या आजोबांनी आमची तंगडी खाल्ली."

"अहो, तेव्हा सगळेच उपाशी होते."

"उपाशी होता तर मागायची. आईनं दिली असती. वर विली कशाला विकला?"

त्यानं फुलं टेबलावर ठेवली.

"आणि तुझ्या पेटीतले अख्खे बिल्ले कुठून येतात रे?"

त्यानं घड्याळ बघितलं. त्याला उशीर झाला होता.

तर योखेन पावली याला माझ्या मयताच्या जेवणातलं तंगडीचं हाड, नीट उकळलेलं. सिल्केनं त्या हाडाला जस्ताचा कोरा बिल्ला बांधावा.

मात्र त्यानं आपली पेटी सिल्केपुढं उघडली, एकूण एक अख्ख्या बिल्ल्याचा नंबर कचेरीला कळवू दिला, आणि कुठून खणला ते सांगितलं, तर हाडाऐवजी अख्खी धुरावलेली तंगडी. तळघरात टांगलेली आहे, एवाल्डनं हात लावू नये. तंगडी घेतल्याशिवाय पावली घराण्याचं तोंड उघडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. या खेपेला तोंडातून खरं यावं, एवढंच.

५. पेटीत चार-एक-सात असेल किंवा नसेल. नसला तर सिल्केनं पुढच्या बाजाराला जावं. नंबर तिला लिहून द्यायला नको. लहानपणी ती दोरीवर उड्या मारायची तीच मुळी "चार-एक-सात" म्हणत.

६. आईच्या पश्चात विलीची ताटली मी मांडत आले. कोणी विचारलं तर मांजराची म्हणून सांगायची, आणि खायचं मांजरच. मयताच्या जेवणाला ती शेवटची मांडावी, मग धुऊन कपाटात ठेवावी. रोज मांडायचं ओझं सिल्केवर नको.

थडग्याच्या दगडावर माझ्या नावाखाली एका ओळीची जागा कोरी सोडावी, पाथरवटाला सांगून ठेवलंय. विली सापडला तर तिथं त्याचं नाव कोरावं. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. नंबर नको. तो आम्हाला पाठ आहे.

लिहिलेलं सगळं मी चष्मा लावून परत वाचलं. आता बदलत नाही.

सही: अपोलोनिया केसेल

साक्षीदार:
योसेफिना श्मिट्स, शेजारीण. हिला ऐकू येत नाही, पण गावातलं सगळं हिलाच आधी कळतं.
हुबर्ट लेज्योन, बेकरीवाला. सही करताना म्हणाला, "आजी, तंगडी खरंच टांगलीय?" तळघरात जाऊन बघून आला, मग सही केली.

निडरराथ, ता. ९ ऑक्टोबर २०१६