न कुजणारा दोरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. चांगल्या दिवसाची नोंद चांगल्या अक्षरात व्हावी म्हणून आईने ही नवी वही दिली. नववीत शाळा सुटली, पण माझं शुद्धलेखन तिने सुटू दिलं नाही. बंगळूरच्या आमच्या चामराजपेटेत घरात मराठी बोलणारे पुष्कळ; लिहायला बसले की सगळे कानडीत लिहितात. मी मराठीतच लिहीन. हृदय लिहिताना ह ला ऋकार, हे तिने सकाळी पुन्हा बजावलं. हा शब्द आता मला रोज लागणार.

कारखाना देवनहळ्ळीच्या पुढे, द्राक्षांचे मळे संपतात तिथे. कंपनीची बस नेते आणि आणते. तिथे हृदयाच्या झडपा शिवतात. खरोखर शिवतात, हाताने, सूक्ष्मदर्शकातून बघत. जनावराच्या हृदयाभोवतीचं पातळ आवरण कापून तीन पाकळ्या करायच्या आणि धातूच्या नाजूक जाळीला टाके घालून बसवायच्या. अशी झडप चिमटून पेन्सिलीएवढी बारीक होते आणि नळीच्या टोकाला बसून मांडीच्या रक्तवाहिनीतून वर हृदयापर्यंत जाते. तिथे फुगा फुगवला की उघडून जागच्या जागी घट्ट बसते. छाती फाडावी लागत नाही.

आईची छाती आठ वर्षांपूर्वी फाडली होती. तेव्हा बसवलेली झडप आता कडक होत चालली आहे. कामगारांच्या आईवडिलांना कंपनी झडप देते, हे कळलं त्याच दिवशी मी अर्ज केला होता. त्यांनी माझी गुणपत्रिका मागितली नाही, फक्त टाके बघितले. शिंप्याच्या घरात जन्मल्याचा इतका उपयोग होईल असं अप्पांनाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी समोरच्या मल्लाप्पा इस्त्रीवाल्याला पेढा दिला. माणूस इतका उंच की दुकानात वाकूनच उभा असतो. एनप्पा डाक्टर, म्हणजे काय रे डॉक्टर, अशी हाक मारून म्हणाला, आता माझी छाती उसवली तर तूच शिवायची, आणि शिलाई मात्र इस्त्रीत वळती करायची. सगळे हसलो.

२६ फेब्रुवारी

आमच्या शिक्षिका अहल्याक्का. त्याही इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. हळू बोलतात. मी घाई केली की म्हणतात, स्वल्प थांब रे, झडप आहे, झबलं नव्हे. त्यांचा सगळा जोर गाठीवर. टाका सुंदर आणि गाठ कच्ची, तर माणूस ऑपरेशनच्या टेबलावरच जातो. दोऱ्याला सात वेढे देऊन टोक आत पुरायचं. दोरा पांढरा, केसाहून बारीक, आणि शरीरात जन्मभर राहिला तरी कुजत नाही. सरावासाठी थोडा घरी दिला आहे. आता डोळे मिटूनही माझी गाठ पडते.

२४ एप्रिल

मल्लाप्पा गेला. इस्त्री करता करता खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याच्या मुलींनी नवं पांढरं कापड आणलं, पण त्याच्या उंचीला ते पुरेना. दोन तुकडे जोडायला आमच्याकडे दिले. अप्पांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून मी शिवलं. रिळातला दोरा सारखा तुटत होता, तेव्हा सरावाचा वापरला. शिवण छान आली. मल्लाप्पासाठी निदान एवढं करता आलं.

२५ एप्रिल

मूठमाती देऊन आल्यावर अप्पांनी सहज विचारलं, दोरा मोकळा सोडलास ना? मी म्हणालो, नाही, सात वेढ्यांची गाठ मारली. मग अप्पांनी सांगितलं. मेलेल्याच्या कापडाला गाठ मारत नाहीत म्हणे. जाणारा अडकतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरात असल्या कामांचं बोलणं निघत नाही.

आमच्यातला असता तर जळून मोकळा झाला असता, त्यांच्यात पुरतात, असं अप्पा म्हणाले. मग स्वतःची समजूत घालत बोलले की असो, दोन पावसाळ्यांत दोरा कुजेल. कोणता दोरा होता ते मी सांगितलं. त्यानंतर ते जेवले नाहीत.

१६ जून

माझी पहिली खरी झडप आज पूर्ण झाली. अहल्याक्का म्हणाल्या, सरी, ठीक आहे, पास. मग ती तपासणीच्या यंत्रात गेली. तिथे कोमट पाण्यात झडप हृदयासारखी उघडते, मिटते. मी काचेबाहेर उभा राहून बघितलं. मुलाचं पहिलं पाऊल बघावं तसं वाटलं.

एकच गोष्ट. आमच्या खोलीत हवासुद्धा गाळून येते. तरी मला तिथे कोळशाच्या इस्त्रीचा वास आला. ओलं कापड तापल्यावर येतो तो.

९ जुलै

डॉक्टर सुमंतांनी आईला तपासलं. आता वेळ घालवू नका म्हणाले. पुन्हा छाती उघडली तर तिची मूत्रपिंडं टिकणार नाहीत. मांडीतून नळी घालून जुन्या झडपेच्या आतच नवी बसवायची, हा एकच मार्ग उरला आहे. ऑगस्टची तारीख मिळाली. आईने डॉक्टरांना सांगितलं की झडपा माझा मुलगा शिवतो, आणि त्याच्या चुका काढायच्या तर मला विचारा. डॉक्टर हसले.

१८ जुलै

आज माझ्या तिसऱ्या झडपेवर शेवटची नजर टाकत होतो. एका पाकळीच्या कडेला गाठ नव्हती. दोन्ही टोकं मोकळी, सरळ. विसरलो म्हणावं तर मी विसरत नाही. पुन्हा मारली. जेवून आलो तर ती नव्हती. शेजारचीही नव्हती.

अहल्याक्कांना बोलावलं. त्यांनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, सगळ्या गाठी जागेवर आहेत, वेणू, काय झालंय तुला? त्याच भिंगातून मी पुन्हा बघितलं. एकही नव्हती.

मला डोळे तपासायला पाठवलं.

१९ जुलै

डोळ्यांत दोष नाही.

२ ऑगस्ट

यंत्राला आवाज आहे. आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. झडप उघडताना एक, मिटताना एक. बि, च्चु. बि, च्चु. कानडीत बिच्चु म्हणजे सोड, उसव. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, पाण्याचा आवाज आहे.

वास रोज येतो.

५ ऑगस्ट

आईसाठी दुसऱ्या कोणाच्या हातची झडप द्या, असं अहल्याक्कांना सांगायला गेलो. त्यांनी बोलूच दिलं नाही. त्यांनीच वर शब्द टाकून माझी तिसरी झडप आईच्या नावावर करून घेतली होती. आईला मुलाच्या हातची, असं म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा बघितलं, दुसऱ्या दोघांनाही दाखवलं. तिघांनाही गाठी दिसतात. आईच्या मापाची तयार अशी एवढीच आहे. ही नाकारली तर तारीख जाणार, आणि डॉक्टर म्हणतात, तारीख गेली तर आई जाईल.

मी हो म्हणालो.

७ ऑगस्ट

अप्पा मल्लाप्पाच्या मुलींकडे गेले होते. गाठ सोडायची तर माती उकरावी लागेल. मुली रडल्या, मग चिडल्या. अप्पांना दारातून परत पाठवलं.

१२ ऑगस्ट

झाली. नीट बसली. मांडीत एक टाका, आणि मनगटातून दुसरी बारीक नळी घातली होती तिथे फक्त टोचल्याची खूण. डॉक्टर म्हणाले, झडप उत्तम चालते आहे. अहल्याक्कांनी फोनवर अभिनंदन केलं.

आई शुद्धीवर येताच माझ्यावर रागावली. अंगावर कपडा शिवू नये, ठाऊक नाही का तुला, म्हणाली.

१४ ऑगस्ट

आई घरी आली. दुपारी अप्पांना विचारत होती, मल्लाप्पाला दारात उभं का ठेवलंय? त्याला आत घ्या, वाकून वाकून पाठ गेली त्याची.

काय म्हणतो तो, असं मी विचारलं. फक्त बिच्चु म्हणतो, म्हणाली. कोणाला म्हणतो ते ठाऊक नाही.

कान तिच्या छातीला लावला.

तोच आवाज.

१५ ऑगस्ट

डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. सगळे म्हणतात ठीक.

अप्पा दिवसभर देवापुढे. मी तिच्यापाशी. वास आता घरात —

१६ ऑगस्ट, दुपार

अप्पा औषधाला गेलेत. आई झोपली आहे. वही मांडीवर घेऊन लिहायला बसलो तेव्हा तिच्या मनगटाच्या खुणेतून पांढरं टोक दिसलं. वाटलं, पट्टीचा धागा असेल. चिमटीत धरला.

माझा दोरा आहे. मी ओळखतो.

मी ओढला नाही. अप्पा, हे मी लिहून ठेवतो — मी ओढला नाही. तो आपणच येतोय. धरला की थांबतो, बोट सैल झालं की सरकतो. सरकला की आई झोपेत छातीवर हात ठेवते.

डाव्या हाताने धरून बसलोय. हाक मारली. रस्त्यावर बसचा भोंगा, कोणी ऐकलं नाही. फोन स्वयंपाकघरात आहे.

दोऱ्याला गाठ नाही. म्हणून येतोय.

बोटं घामेजली आहेत —

आणखी वीतभर आला. तिचे ओठ —

अप्पा येईपर्यंत निभणार नाही. गाठ मारायलाच हवी. माझी गाठ राहत नाही, पण इथे दुसरं कोण

दारात कोणीतरी वाकून उभं आहे. बघणार नाही.

गाठीला दोन्ही हात लागतात. पेन ठेवतो. आई, हात हलवू नकोस, सात वेढे फक्त, आता