मल्लखांबाखालचा भंडारा

२२ नोव्हेंबर २००२
आज आलं ते: मल्लखांब एक, सागाचा, ६०० रुपये. एरंडेल अर्धा लिटर, राळ एक पुडी, नारळ एक, उदबत्ती घरची. टेम्पोभाडं शून्य, कांदे टाकून रिकामा येणारा होता.
पुण्याच्या दुकानदाराने नव्या खांबाचे साडेचार हजार सांगितले होते. माझ्या भावाने, भांडगावच्या हौसरावने, पाडलेल्या गोठ्याची तुळई कापून दोन खांब केले. एक आपल्या शाळेला, एक दौंडच्या शाळेला. शाळेचे एवढे पैसे वाचवणारी पालक-शिक्षक संघात दुसरी कोण आहे? क्रीडा प्रमुख म्हणून मला एकमताने निवडलं ते उगीच नाही. (हात वर करणारी मी एकटीच होते, पण विरोध कुणाचाच नव्हता.)
संकल्प: शिरूरच्या पालकांना पी.टी.चा तास म्हणजे काय ते यंदा दाखवून द्यायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार
खांब उभा केला. पी.टी.चे कोकरे सर म्हणाले, ताई, साडेतीन फूट तरी पुरावा लागतो. मी म्हटलं, तेवढा पुरला तर वर राहील काय? दोन फूट पुरे. सिमेंटऐवजी दगड ठोकले. खाली गादी पाहिजे म्हणाले, तर घरची पोती उसाच्या पाचटाने भरून दिली.
सरांनी खांबावर बोटं वाजवून पाहिली. म्हणाले, बोदा वाजतोय. मी म्हटलं, देवळातला पखवाजही तसाच वाजतो. गप्प बसले. शिकलेल्या माणसाला एकदा गप्प केलं की दिवस चांगला जातो.
हळदकुंकू वाहिलं. खंडेरायाच्या नावाने नारळ फोडला. अर्धा घरी आणला.

२८ नोव्हेंबर
मुलींसाठी वेगळा दोर पाहिजे, असं सरांचं मत. चांगला सुती दोर अकराशे. मी म्हटलं, खांब काय मुलींना चावतो? मुलीही खांबावरच करतील. आधी माझी हर्षदा चढेल.
आणि चढली! सातवीत आहे, कशात म्हणून नंबर नाही, चित्रकलेतसुद्धा काठावर. पण खांबावर खारीसारखी. वरच्या बोंडावर एका पायावर उभी राहिली आणि हसली. घरी ही असं हसत नाही. संध्याकाळी दृष्ट काढली. मिरच्या दोनच घेतल्या, महाग आहेत.

३ डिसेंबर
शाळा झाडणारी अनसाबाई तक्रार घेऊन आली. म्हणाली, वहिनी, रोज झाडतीय, आन् रोज सकाळी खांबाखाली पिवळं पीठ पडतंय, कोण टाकतंय त्याला तंबी द्या. मी जाऊन पाहिलं. मऊ, पिवळसर, चिमटीत धरलं तर रेशमासारखं. अंगावर काटा आला. हा भंडारा! मी अनसाबाईला म्हटलं, अगं, टाकतंय कोण ते कळलं नाही का तुला? ती आधी बघत राहिली, मग केरसुणी बाजूला ठेवून पाया पडली. मीही कपाळाला लावला. हर्षदाच्याही लावला.
जेजुरीचं भाडं वाचलं, असं मनात आलं. लगेच कानाला हात लावले.

५ डिसेंबर
ह्यांना पुडी दाखवली. हे रांजणगावला कंपनीत पॅकिंगला असतात, दिवसभर लाकडी खोक्यांत. वास घेऊन म्हणाले, अगं ही कीड हाय. लाकूड पोखरतीय. असलं खोकं आम्ही माल भरायला घेत न्हाई. मी म्हटलं, कंपनीत गेल्यापासून तुमचा देवावरचा विश्वास उडाला. हे म्हणाले, देवावर हाय, हौसरावावर न्हाई.
माझ्या माहेरचं काही आलं की ह्यांना कीडच दिसते. संकल्प: ह्यांच्याशी दोन दिवस अबोला.

६ डिसेंबर
अबोला मोडला. गॅस संपला होता.

१२ डिसेंबर
चंपाषष्ठी झाल्यापासून भंडारा वाढला. आता दोन्ही वेळा पडतो. बाया मुलांना सोडायला येतात आणि चिमूटभर घेऊन जातात. कोकरे सर हेडमास्तरांकडे गेले, म्हणाले, खांब काढा. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला पिवळं लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

२१ डिसेंबर
पालक मेळावा. विषय: ‘शारीरिक शिक्षणाबद्दल पालकांना काय माहीत असावं.’ बोलायला मीच. सांगितलं की मुलांना पोटभर जेवून पाठवू नका, बूट लागत नाहीत, नवे घेऊ नका, आणि चढण्याआधी भंडारा लावायला शिकवा. टाळ्या पडल्या.
मागून पोपटराव उठले. त्यांचा भाजीचा गाळा आहे आणि सगळ्यांत शंका. विचारलं, खांब जमिनीत किती गेलाय, आन् लाकूड कशाचं हाय? मी म्हटलं, सागाचं आहे, आणि आपली श्रद्धा जेवढी खोल तेवढा तो खोल. पुन्हा टाळ्या. पोपटराव म्हणाले, श्रद्धा खोलच हाय ताई, मी फुटात इचारलं. लोक हसले. कुणाला हसले ते कळलं नाही. बहुतेक त्यांनाच.

४ जानेवारी २००३
हर्षदा जेवताना म्हणाली, आई, खांबाला कान लावला की आत कुणीतरी खातंय. कुरूकुरू. मी म्हटलं, नैवेद्य दाखवतो ना आपण, तोच देव खातो. ती म्हणाली, पण आपण नैवेद्य सकाळी दाखवतो आन् हे दिवसभर खातंय.
प्रश्न फार विचारते हल्ली. पोपटरावांची मुलगी तिच्या शेजारी बसते, त्याचा परिणाम.

१५ जानेवारी
संक्रांतीला हौसराव मुलीला घेऊन आला होता. स्वप्नाली, हर्षदाहून एका वर्षाने लहान. दोघी दिवसभर शाळेच्या मैदानावर. मी सहज विचारलं, हौसा, तुळई सागाचीच होती ना? तो तिळाचा लाडू खात होता. म्हणाला, अक्का, सागासारखीच. मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, लाडू झकास झालेत.
भाऊ खोटं बोलत नाही. तोंडात लाडू असताना तर नाहीच.

१८ जानेवारी
२६ जानेवारीला पाहुणे येणार. खांबावर मुलींचा मनोरा करायचा. कोकरे सरांनी नकार दिला. म्हणाले, खांब हलतोय, मी एकही मूल चढवणार नाही, आणि चढवायचंच असेल तर जबाबदारी कुणाची ते लिहून द्या. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सही केली. वळणदार आली.
मनोऱ्यात सगळ्यांत वर हर्षदा. खांब आपला, तर मान आपला. तिला सांगितलं. ती म्हणाली, सरांना विचारलंस का? मी म्हटलं, सरांचं वय काय आणि देवाचं काय.

२५ जानेवारी
सकाळी पूजेला गेले. बुंध्याला हळद लावताना अंगठा आत गेला. नखापर्यंत नाही, पेरापर्यंत. लाकूड असं नसतं. पुरणासारखं लागलं.
अंगठा पदराला पुसला. मग वाटलं, देवाला पाझर फुटला असेल.
घरी येऊन कणीक मळली, हळद घातली, भोक बुजवलं. वरून कुंकू. आता कुणाला दिसणार नाही. म्हणजे, कुणी उगीच घाबरणार नाही.
हे विचारत होते, उद्या हर्षदा चढणार हाय का? मी म्हटलं, सगळं व्यवस्थित आहे. दोनदा म्हटलं.

२७ जानेवारी
काल झेंडावंदन वेळेवर. मनोरा छान लागला. हर्षदा वर गेली. हात जोडले.
आवाज मोठा नव्हता. पापड मोडल्यासारखा.
खांब मोडला तसा आतून पिवळा ढग उठला. एवढा भंडारा मी जेजुरीतही पाहिला नाही. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. येळकोट म्हणून ओरडले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग ढग खाली बसला.
बाकीच्या मुलींना खरचटलं. हर्षदाचा उजवा हात दोन ठिकाणी. पाचटाची पोती बाजूला सरकलेली होती. कोकरे सरांनी तिला उचललं, हे त्यांच्यामागे पळाले. माझ्या हातात आरतीचं ताट होतं, ते कुठे ठेवावं कळेना.
कुणीतरी विटाळाचं खांबाला शिवलं असेल. चौकशी करायला हवी.
मग करीन.

२८ जानेवारी
दवाखान्यात डबा घेऊन गेले. हे बाहेर बाकावर. डबा घेतला, बाजूला ठेवला. हर्षदाच्या केसांत अजून पिवळं होतं, मी ओल्या फडक्याने पुसलं. ती म्हणाली, आई, संक्रांतीला स्वप्नाली सांगत होती, त्यांच्या दौंडच्या शाळेतला खांब पण आतून खातो. मी तिला सांगितलं, तुमच्या खांबात पण देव हाय.
परत येताना बूथवर गेले. हौसरावच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला. त्यांनी त्याला बोलावून आणला. तो हॅलो, कोण, म्हणाला. मी फोन ठेवून दिला. चार रुपये गेले.
कार्ड लिहिलं. इथे उतरवून ठेवते:
‘चि. हौसराव यास अनेक आशीर्वाद. मघाशी फोन माझाच होता. तुळईच्या दुसऱ्या तुकड्याखाली पिवळं पीठ पडत असेल. तो भंडारा नाही. साग असो नसो, आता विचारत नाही. स्वप्नालीला चढू देऊ नकोस, कुणालाच चढू देऊ नकोस. शाळेत जाऊन सांग. ऐकलं नाही तर बुंध्यात अंगठा दाबून दाखव. तिला खाली उतरवलंस की उलट टपाली कळव.’

पेटीतलं रात्रीचं टपाल निघून गेलं होतं. कार्ड उद्या निघेल.
हे आले आहेत. त्यांना सांगते, गाडी काढा, आत्ताच भांडगावला जायचंय म्हणून.