लक्षणे पूर्ण दिसेपर्यंत

३ मार्च
संगणकाला व्हायरस लागला आहे. 'काय काय होतं ते लिहून ठेव,' असे मुलाने फोनवर बजावले म्हणून लिहिते. नाहीतर रोजनिशी लिहिण्याइतकी मी रिकामी नाही. लक्षणे: यंत्र मंद. स्क्रीनवर नको त्या जाहिराती आपोआप उघडतात. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. संध्याकाळपर्यंत निकाल लावते.

४ मार्च
लागला नाही. जुन्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंचा फोन; निवृत्तीनंतर पहिलाच. माझ्या नावाने त्यांना 'माझे फोटो बघा' अशी ई-मेल गेली आहे. उघडू नका, म्हणून खडसावले. मग त्यांच्या गुडघ्याची सगळी कहाणी ऐकून घ्यावी लागली. चहा गार.
निदान: व्हायरस माझ्या ई-मेल पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना मेल पाठवतो आहे.

५ मार्च
दातांचे डॉक्टर. विम्याचा एजंट. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण. म्हणाली, "चष्मा पुसून बसले होते गं, तर तुझं तोंडच दिसेना." तिला अँटीव्हायरस म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावले. नवऱ्याला वाढायचे म्हणून तिने मध्येच फोन ठेवला, नाहीतर ऐकतच राहिली असती.
मुलगा म्हणतो, आधी इंटरनेट बंद कर, पासवर्ड बदल. उद्या.

६ मार्च
इंटरनेट चालूच ठेवले आहे. लक्षणे पूर्ण दिसल्याशिवाय उपचार करणे अशास्त्रीय. आणखी कोणाकोणाचे फोन येतात ते पाहायला हवे. यादीत धाकटी बहीणही आहे. ती मागे म्हणाली होती, "ताई, तू बोलत नाहीस, हजेरी घेतेस." साफ खोटे. तेव्हापासून बोलणे बंद. तिच्या फोनची मी वाट बघत नाही. फोन स्वयंपाकघरात आणला, तो वायर पुरते म्हणून.

८ मार्च
मुलाने धाडलेले दुरुस्तीवाले दारात. मला वेळ नाही, असे सांगून परत पाठवले. दिवसभर घरीच होते. फोन नाही.

९ मार्च
मोबाइलवरून घरचा फोन लावून पाहिला. वाजतो.

१० मार्च
मुलाला सहज विचारले, काहींना मेल पोचायला जास्त दिवस लागतात का. समजा, मावशीला. तो म्हणाला, "आई, मावशीचं नाव यादीत नाहीये. तूच काढलंस. मी शेजारी बसलो होतो."
म्हणजे व्हायरस तेव्हापासूनच असणार.

११ मार्च
दुरुस्तीवाल्यांना स्वतः फोन करून बोलावले. हवाली केले: संगणक, माउस, वायर, पासवर्ड. शिवाय एक चिठ्ठी, तीवर बहिणीचा ई-मेल पत्ता. (पाठ होता.) आधी तो यादीत घालायचा, व्हायरस त्यानंतर काढायचा, असे दोनदा बजावले आहे.