सुईला अडकलेली कार्डं

१२ नोव्हें. ७३, नगर
दाजींनी अक्काला सोनईहून आणून आमच्याच दवाखान्यात ठेवलं. आठवा महिना, अंगावरून जातंय. डॉ.बाई म्हणाल्या, "बाळाची वार खाली सरकलेली असणार. ओ निगेटिव्ह रक्त तयार पाहिजे, केव्हाही लागेल." बाटली एकही नाही. म्हणजे रक्तदात्यांची कार्डं चाळायची, म्हणजे माझंच काम.

कार्डाच्या कडेला भोकं, प्रत्येक भोक एकेका गावाचं नाहीतर रक्तगटाचं. हव्या त्या भोकातून सुई घालून गठ्ठा उचलायचा. ज्यांचं भोक कडेपर्यंत कापलेलं, ती पटापट खाली. निदान पूर्वी पडायची. दसऱ्यापासून काय झालंय देव जाणे! हलवा, आपटा, पुन्हा हलवा. अख्खी दुपार गेली आणि पडलं एकच कार्ड. अक्काचं! लग्नाआधी मीच मागे लागून तिला रक्त द्यायला लावलं होतं. हसू की रडू?

१३ नोव्हें.
झोप नाही. गठ्ठा जाड झालाय म्हणून त्याचे वाटे केले. ढिम्म. मग क्रम बदलला. इतके दिवस आधी गाव, मग रक्तगट. आता गट आधी. निगेटिव्ह मुळात थोडे, बाकीचा ढीग उपसायलाच नको. काम हलकं झालं खरं, पण पुन्हा एकटी अक्काच. असं कसं? आणखी होते की. मला चेहरे आठवतात...

१४ नोव्हें.
सापडलं! सुई उचलली तर एक कापलेलं कार्ड शेजारच्याला चिकटून लोंबकळत होतं. पडणार कसं? नखानं खरवडलं. पिवळं. हळद!

रंगनाथमामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, विचारलं.
"व्हय ताई, मीच लावली. खंडेनवमीला समद्या कात्र्या-चिमट्यांची पूजा झाली, मंग कार्डांनी काय पाप केलं हुतं? चांगली पान्यात कालवून लावली."
फार ओरडले त्यांच्यावर. "मामा, माझी बहीण पडलीय तिथं!" म्हातारा कावराबावरा झाला. मग फडकं घेऊन माझ्याबरोबर कार्डं सोडवत बसला. पुष्कळ राहिलीत अजून.

१५ नोव्हें., सकाळ
दुसरं कार्ड पडलं! सुप्याचा ट्रक ड्रायव्हर. मामा चहासुद्धा न घेता एसटीला पळाले.

संध्या.
मामा एकटेच आले. "गडी गाडी घिऊन पुन्याला गेलाय. बायकू म्हनली, आज येतील न्हाईतर उद्या. निरोप ठिवलाय, ताई."

राहिलेल्या कार्डांत अजून कुणी नाही. अक्काला पुन्हा अंगावरून जायला लागलंय, जास्त. डॉ.बाई सारखी नाडी बघतात. भीती वाटते.

अक्कानं हात धरला. "मिळाला का गं कुणी?"
"मिळाला. येतोच आहे."
"मग बरं," म्हणाली आणि लगेच डोळा लागला तिचा. मला तिच्याजवळ बसवत नाहीये.