रविवारी दुपारी, उजेड असेपर्यंत

प्रिय कर्ट,

फोनवर बोलायला लागलो की आपण दोघंही भांडतो, म्हणून लिहायला बसले आहे. तुझे बाबा आत झोपलेत, ते उठेपर्यंतचा वेळ माझा. आधी बातमी सांगते. आपल्या मिल स्ट्रीटवर हॅलोविनला पोरांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायची वेळ या वर्षी बदलली. संध्याकाळी सहा ते आठ नाही, हॅलोविनच्या आधीच्या, म्हणजे येत्या रविवारी दुपारी दोन ते चार. ती बदलून घ्यायला मी महिनाभर अख्ख्या गल्लीचं डोकं खाल्लं. हसू नकोस. मला बाबांना आणखी एकदा खाऊची परात घेऊन पोर्चवर बसवायचंय, आणि संध्याकाळी ते आता जमत नाही.

तू त्यांची संध्याकाळ पाहिलेली नाहीस. ईस्टरला तू सकाळी आलास आणि जेवून निघून गेलास. त्यांनी तुला "मीटर बघायला आलात का?" विचारलं, ते तुझ्या फार जिव्हारी लागलं, कळतं मला. पण ती त्यांची चांगली वेळ होती रे! ऊन कलायला लागलं की माणूस बदलतो. दारं-खिडक्या तपासतात, कोट चढवतात, "बर्फ काढायची गाडी न्यायला हवी, रस्ते बंद पडतील" म्हणत भर जुलैत किल्ल्या शोधतात. एकदा मी त्यांना अडवलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही बाजूला व्हा. आमच्या हिला बोलवा." मी तिला बोलवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

गेल्या वर्षीचा प्रकार मी तुला अर्धाच सांगितला होता. समोरच्या जनेलचा मुलगा मुखवटा घालून एकटाच पायऱ्या चढून आला. कातरवेळ झाली होती. "खाऊ की खोडी!" म्हणून तो ओरडला आणि बाबांनी परात ठेवून त्याचं मनगटच धरलं. घरात ओढायला लागले त्याला. पोर किंचाळलं, गल्ली गोळा झाली, जनेल अनवाणी धावत आली. कोपऱ्यावरचा आर्विड सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मार्लिस, म्हाताऱ्याला कुलपात ठेव." तूही फोनवर तेच म्हणालास, जरा सभ्य शब्दांत. पण बाबा त्या पोराला काय म्हणत होते ते मी तुला सांगितलंच नाही. म्हणत होते, "कर्ट, अंधार पडला, घरात चल. गाडीवाल्यांना दिसत नाही बाळा." परत परत एवढंच. सुटलेल्या पोराकडे बघत नंतरही तेच.

तर वेळ ठरवायची गल्लीची सभा. चर्चच्या तळघरात, तीच लोखंडी खुर्च्यांची रांग, तीच पांचट कॉफी. मी उठून सांगितलं की हायवेचं काम चाललंय, सगळे ट्रक आपल्या गल्लीतून वळवलेत, आणि अंधारात काळे झगे घातलेली पोरं ड्रायव्हरला दिसणार कशी? खोटं नव्हतं त्यात काही. आर्विड लगेच म्हणाला, "दुपारी दोनला भुतं निघालेली कोणी पाहिलीत का? आणि रविवारी मॅच असते!" मी म्हटलं, "तुझी टीम जशी खेळते ते बघता, दार उघडायला उठलास तर तुझंच भलं होईल." हसले सगळे. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा जो तो आपल्या कपात बघायला लागला.

मग जनेल उठली. म्हटलं, संपलं, आता ही चारचौघांत सगळं काढणार. ती म्हणाली, "संध्याकाळी मी माझ्या मुलाला मार्लिसच्या पोर्चवर पाठवणार नाही. दुपारी पाठवेन. आणि त्याने तिथे जावं असं मला वाटतं. त्या घराला तो वर्षभर घाबरलाय, ते मला बघवत नाही. तिच्या नवऱ्यानं, डेलमारनं, इतके हिवाळे पहाटे उठून आपल्या दारातला बर्फ काढलाय." एवढं बोलून बसली. मग हात वर झाले. आर्विडचाही झाला, तोंड वाकडं करून. तिचे आभार मानायला हवे होते, पण मी नुसता कोट चढवला आणि घरी आले.

आणखी एक. तुला वाटतं बाबा तुला विसरले. दर हॅलोविनला ते परातीतला एक मोठा चॉकलेट बार बाजूला काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. "तो नारिंगी गाडीवाला अजून आला नाही," म्हणतात. आठवतं? फ्रिजच्या खोक्याची त्यांनी तुला नारिंगी रंगाची बर्फ काढायची गाडी करून दिली होती, जाड जॅकेटवरून गळ्यात अडकवता येईल अशी, पुढे दोन टॉर्च लावून. त्या वर्षी नेमका बर्फ पडला आणि तू पुठ्ठ्याने खरंच रस्ता साफ करत घरोघर फिरलास. पुठ्ठा भिजून लोळागोळा झाला, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी पत्र्याची कड लावून दिली. त्या पोराची ते अजून वाट बघतात. आठवडाभराने कपडे धुताना तो वितळलेला बार मी खिशातून काढते. तुला सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार होतं?

कर्ट, त्या रविवारनंतर लगेच, सोमवारी सकाळी मी बाबांना वृद्धांच्या केंद्रात नेऊन ठेवणार आहे. जागा मिळाली. तुझं म्हणणं बरोबर होतं, आता त्यावर भांडू नकोस. परवा ते न्हाणीघरात पडले आणि मला त्यांना उचलता आलं नाही, आर्विडला हाक मारावी लागली. तो आला, त्यानेच उचललं. म्हणून मला हा रविवार हवा होता. तू तुझ्या छोट्या ब्रिनला घेऊन ये. तुझी ती खोक्याची गाडी गॅरेजच्या माळ्यावर आहे, एक टॉर्च लागत नाही, पण तिला अंगाला बरोबर होईल. तू तिच्या मागे उभा राहा. ते तुला ओळखणार नाहीत, मी तुला खोटी आशा लावत नाही. तू "बाबा" म्हणून हाकही मारू नकोस, गोंधळतात. फक्त चारच्या आत ये. आणि ब्रिनला आधीच सांगून ठेव, आजोबांनी खिशात हात घातला आणि तिला कर्ट म्हणाले, तर तिने "हो" म्हणायचं.

पोर्चवर वाट बघणारी,
तुझीच,
आई