तीनशे एकावं घर

४ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं घर, बायको खूश. धरणाच्या कचेरीत माझ्याहून वयाने मोठा प्रोग्राम आहे. पूर आला तर गावातल्या कुठल्या घरात किती पाणी चढेल, ते तो सांगतो. घरांसाठी त्याच्या मेमरीत तीनशे कप्पे कायमचे आखलेले आहेत. आमचं घर तीनशे एकावं, म्हणजे आम्हाला कुणी कळवणार नाही! साहेब म्हणाले, चाललंय ना, मग हात लावू नका.
पहिल्या घरातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी आमच्या लेकीला लाकडी पेन्सिलपेटी दिली. पोरगी ती खाली ठेवायला तयार नाही.

६ फेब्रुवारी
लावला हात. तीनशेचे तीनशे एक केले. एवढंसं काम, आणि साहेबांनी केवढा बाऊ केला होता.

७ फेब्रुवारी
बाईंचं घर नाही. तिथे गवत आहे, तेही जुनं. शेजारी म्हणतात, इथे घर कधी नव्हतंच. लेक पेटी छातीशी धरून रडते आहे.
दुपारी चूक सापडली. दुसऱ्या फाईलीत आकडा तीनशेच राहिला होता. आमच्या घराला कप्पा मिळाला नाही, म्हणून ते फिरून पहिल्या कप्प्यात घुसलं. तिथे बाईंची नोंद होती. साहेबांनी विचारलं, कोण बाई?

९ फेब्रुवारी
आखलेले कप्पेच काढून टाकले. आता प्रोग्राम घरं मोजतो, लागेल तेवढी जागा मागून घेतो आणि काम संपलं की परत करतो.
संध्याकाळी बाई दारात झाडांना पाणी घालत होत्या. मला रडू आवरेना. साहेबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही.

१० फेब्रुवारी, सकाळ
लेकीने पेटी माझ्याकडे दिलीय, निखळलेलं झाकण बसवून आणायला. मायलेकी आज घरीच आहेत.
प्रोग्राम दुपारी संपेल. मग जागा परत— शेवटच्या घरापासून, म्हणजे आमच्या. जुना प्रोग्राम जागा कधीच सोडत नव्हता, म्हणून तर गाव टिकून होतं— मध्येच थांबवला तरी आधी जागा परत करतो. तेही मीच लिहिलंय. शहाणा ना मी!

दुपार
दोघींना बाहेर पडायला सांगायला सकाळपासून फोन लावतोय. आता असा नंबरच नाही म्हणे. बायकोचं नाव अजून आठवतंय. लिहून ठेवतो. तिचं—

नंतर
बॅगेत कुणाची तरी पेन्सिलपेटी आहे. आत चिठ्ठी, वेड्यावाकड्या अक्षरात: बाबा, झाकण घट्ट नको, मला उघडता आलं पाहिजे.
कुणाचं पोर वाट बघत असेल. झाकण बसवलंय. घट्ट नाही केलं, कारण—